करारनाम्यातली तारीख: एकदाच लिहा, हवी तिथे हवी तशी छापा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात लिव्ह अँड लायसन्सचे (घर भाड्याने देण्याचे) करार तयार करून देणाऱ्या एका छोट्या कचेरीत वर्डचं टेम्प्लेट आणि एक्सेलची यादी जोडून मेल मर्ज करतात, म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीचा एकेक करार आपोआप तयार होतो. ५ डिसेंबर ही तारीख काही करारांत १२/५/२०२५ अशी उलटी उमटते, काहींत सरळ येते. सह्यांसाठी दिलेली साडेदहाची वेळ ०.४३७५ अशी छापली जाते. जुना करार उघडला की त्यावर आजची तारीख दिसते. मराठी प्रतीत महिन्याचं नाव इंग्रजीत येतं. शिवाय एकच तारीख एका करारात सहा ठिकाणी हाताने बदलावी लागते, तर टेम्प्लेटच्या सुरुवातीला एकदाच व्हेरिएबल (मूल्य साठवणारं नाव) जाहीर करून भागेल का?

भागेल. फक्त त्याआधी एक सवय मोडावी लागेल. तारीख म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं असं धरून आपण काम करतो. संगणकाच्या दृष्टीने तारीख हे मूल्य असतं आणि ०५/१२/२०२५ किंवा ‘५ डिसेंबर २०२५’ हे त्याचं एकेक रूप. मूल्य एका जागी ठेवायचं, बेरीज-वजाबाकी त्या मूल्यावर करायची आणि रूप शेवटी, छापण्याच्या जागी द्यायचं. तुमच्या पाचही तक्रारींचं मूळ या तीन गोष्टींची सरमिसळ होण्यात आहे.

(खाली फील्डची, म्हणजे वर्ड आपोआप भरतं त्या जागांची, फंक्शनची नावं आणि तारखेच्या रूपाची अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची, आणि सूत्रांतले आकडेही इंग्रजी.)

आधी एक्सेल पाहू, कारण निम्मा घोटाळा वर्डमध्ये पोचण्यापूर्वीच झालेला असतो. एक्सेल तारीख साठवतं ती एका आकड्यात. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून पुढे रोज एक वाढतो. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. वेळ हा दिवसाचा अपूर्णांक: दुपारचे बारा म्हणजे ०.५, साडेदहा म्हणजे ०.४३७५. तेव्हा तुम्हाला दिसलेला आकडा बरोबरच आहे, त्याला वेळेचं रूप दिलेलं नाही एवढंच. त्या रकान्याचा फॉरमॅट जनरल असणार, तो आधी टाइम करा; छापायचं रूप पुढे वर्डमध्ये देऊ. (जाता जाता: १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस मोजतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ही चूक जाणूनबुजून ठेवली आहे. भाडेकरारांना तिचा त्रास नाही.)

आता उलटी तारीख. यादीत कोणी ०५/१२/२०२५ टाइप केलं किंवा दुसऱ्या फाइलमधून आणून चिकटवलं, तर एक्सेल त्या संगणकाचं रीजन सेटिंग पाहून अर्थ लावतं. सेटिंग अमेरिकेचं असेल तर ती १२ मे होते. नवीन लॅपटॉप घेतला की ते बऱ्याचदा अमेरिकेचंच असतं. त्याच रकान्यात खाली १३/१२/२०२५ असेल तर तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख मानतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवून देतं. म्हणजे एकाच रकान्यात काही ओळी गुपचूप उलटलेल्या, काही नुसती अक्षरं, आणि दिसायला सगळ्या एकसारख्या. ‘काही करारांत उलटी, काहींत सरळ’ याचं एक कारण हे. बारा तारखेपर्यंतचे करार संशयित धरा.

ओळखायचं कसं? रकाना रुंद करा आणि डावी-उजवी मांडणी ठरवणारं (अलाइनमेंटचं) सेटिंग काढून टाका. खरी तारीख उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे चिकटतो. किंवा शेजारच्या रकान्यात इझनंबर फंक्शन लावा, ते खऱ्या तारखेला ट्रू आणि मजकुराला फॉल्स म्हणतं. दुरुस्तीसाठी डेटा टॅबमधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ चांगलं. त्याच्या तिसऱ्या पायरीवर डेट निवडून डीएमवाय द्यायचं, म्हणजे ‘दिवस आधी’ हे तुम्ही सांगता, एक्सेलला अंदाज करावा लागत नाही. मात्र हा उपाय मजकूर राहिलेल्या ओळींनाच लागू पडतो. ज्या आधीच उलटल्या आहेत त्या मूळ कागदाशी ताडूनच सुधाराव्या लागतील, त्याला सूत्र नाही. आणि कंट्रोल पॅनेलमधलं रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ करून टाका, कचेरीतल्या प्रत्येक संगणकावर. एका टेबलावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर वरची सगळी मेहनत पुढच्या सोमवारी वाया जाते.

वर्ष चार आकडी लिहा, हेही याच वेळी सांगतो. दोन आकडी वर्ष कोणत्या शतकातलं हे सेटिंगवर ठरतं, आणि जुन्या ठरीव पद्धतीत २९ पर्यंत २०००चं शतक, ३० पासून १९००चं. पाच वर्षांचा दुकानाचा करार २०३० मध्ये संपणार असेल आणि कोणी नुसतं ‘३०’ टाइप केलं, तर तो १९३० मध्ये संपलेला निघू शकतो.

उलट्या तारखेचं दुसरं कारण मेल मर्जमध्येच आहे. वर्ड २००२ पासून वर्ड एक्सेलचा डेटा ज्या मार्गाने घेतं, त्यात तुम्ही एक्सेलमध्ये दिलेलं रूप येत नाही, आतलं मूल्य येतं आणि वर्ड ते अमेरिकन क्रमाने, महिना आधी असं मांडतं. त्यामुळे एक्सेलमध्ये तारखेचा फॉरमॅट कितीही वेळा बदला, करारात फरक पडत नाही. रूप वर्डच्या फील्डमध्येच द्यायचं. ऑल्ट-एफ९ दाबा, महिरपी कंसांतले फील्ड-कोड दिसू लागतील. तारखेच्या मर्जफील्डच्या (एक्सेलच्या रकान्यातलं मूल्य आणणाऱ्या फील्डच्या) नावापुढे \@ हे चिन्ह आणि अवतरणांत रूपाची अक्षरं लिहायची:

{ मर्जफील्ड सुरुवात_तारीख \@ "डीडी/एमएम/वायवायवायवाय" }

यात एक गोष्ट कागदावर लिहून भिंतीला लावण्यासारखी आहे: महिन्याचा एम मोठा, मिनिटाचा एम छोटा. दिवसाच्या आणि वर्षाच्या अक्षराला वर्ड लहान-मोठं पाहत नाही, पण एमच्या बाबतीत काटेकोर असतं. छोट्या एमने लिहिलेली तारीख ०५/००/२०२५ अशी येते, कारण नुसत्या तारखेत मिनिटं शून्य असतात. एच छोटा असेल तर बारा तासांचं घड्याळ, मोठा असेल तर चोवीस तासांचं. एक डी लिहिला तर ५, दोन लिहिले तर ०५, तीन-चार लिहिले की वाराचं नाव. मोठे एम चार लिहिले की महिन्याचं पूर्ण नाव. बदल करून झाला की एफ९ दाबून फील्ड ताजं करायचं.

काही ओळींत तारखेची जागा कोरी येते किंवा तिथे मध्यरात्रीची वेळ छापली जाते, असाही अनुभव येईल. वर्ड आणि एक्सेलमधला दुवा रकाना कोणत्या प्रकारचा आहे हे पहिल्या आठ ओळी पाहून ठरवतो. पहिल्या आठांत तारखा आणि पुढे कुठे ‘ठरायची आहे’ असा शेरा असेल, तर तो शेरा गायब होतो. शेऱ्यांसाठी वेगळा रकाना ठेवा. तारखेच्या रकान्यात तारीख किंवा काहीच नाही, तिसरं काही नको.

आता तुमचा मुख्य प्रश्न, व्हेरिएबल. वर्डमध्ये त्यासाठी सेट नावाचं फील्ड आहे. टेम्प्लेटच्या अगदी वर, पहिल्या ओळीआधी, कंट्रोल-एफ९ दाबून महिरपी कंसांची जोडी आणा. ते कंस कळफलकावरून टाइप केलेले चालत नाहीत, आणि नवशिके बहुतेक इथेच अडकतात. आत लिहा:

{ सेट सुरुवात "{ मर्जफील्ड सुरुवात_तारीख \@ "डी एमएमएमएम वायवायवायवाय" }" }

आतले कंससुद्धा कंट्रोल-एफ९नेच. सेटचा छापील परिणाम काहीच दिसत नाही, तो फक्त नाव आणि मूल्याची गाठ बांधतो. मग करारात जिथे जिथे ती तारीख हवी तिथे रेफ फील्ड:

{ रेफ सुरुवात \@ "डीडी/एमएम/वायवायवायवाय" }

एका जागी आकडी, दुसऱ्या जागी वारासकट, जशी हवी तशी, पण मूळ एकच. सेटमध्ये महिना शब्दांत ठेवला आहे तो मुद्दाम. तिथून पुढे वर्ड ती तारीख पुन्हा वाचतं, आणि ५/१२ असं आकडी दिलं तर तोच जुना गोंधळ पुन्हा दारात येतो. शब्दांतल्या महिन्याचा दुसरा अर्थ लागू शकत नाही. मेल मर्ज न करता एकेकच करार करायचा असेल, तर मर्जफील्डच्या जागी आस्क फील्ड वापरा. ते चौकट उघडून तारीख विचारतं आणि दिलेल्या नावाखाली साठवतं.

एक सावधगिरी. सेटची ओळ दिसत नसल्याने ‘वरची रिकामी जागा काढून टाकू’ म्हणत कोणीतरी ती पुसतं. मग सगळ्या रेफच्या जागी ‘एरर’ असा ठळक इंग्रजी संदेश छापला जातो. निदान तो मोठ्याने ओरडतो, हे बरं. उलटी तारीख बिचारी गप्प बसते.

वर्डऐवजी लिबरऑफिस वापरत असाल तर कंट्रोल-एफ२ दाबून फील्डच्या खिडकीत व्हेरिएबल्स टॅबवर जा. तिथे ‘सेट व्हेरिएबल’ आणि ‘यूजर फील्ड’ असे दोन प्रकार आहेत. पहिल्याचं मूल्य कागदपत्राच्या मध्यात बदलता येतं: वर एक, खाली दुसरं. दुसऱ्याचं सगळीकडे एकच, बदललं की सर्वत्र बदलतं. करारासाठी यूजर फील्ड बरं.

नावं देताना ‘तारीख१’, ‘तारीख२’ असं करू नका. लिव्ह अँड लायसन्समध्ये निदान तीन तारखा वेगळ्या असतात: सह्या झाल्या ती, ताबा सुरू होतो ती आणि दस्त नोंदवला ती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी अधिनियम, १९०८नुसार दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करायचा असतो. ही मुदत सहीच्या तारखेपासून धावते, भाडं ताब्याच्या तारखेपासून. तारीख१ आणि तारीख२ची अदलाबदल झाली तर कागदावर कोणालाही कळणार नाही. सही_तारीख, ताबा_तारीख, नोंदणी_तारीख अशी सरळ मराठी नावं द्या, पण रोमन लिपीत. देवनागरी नावं काही प्रणालींत चालतात, तरी अडचण अशी की ‘ऱ्या’ एक जण एका पद्धतीने टाइप करतो, दुसरा न दिसणारा जोडक घालून. दोन्ही दिसायला सारखे, संगणकाला मात्र वेगळे. टेम्प्लेट म्हणतं व्हेरिएबल सापडत नाही आणि तुम्ही डोळे फाडून बघत बसता.

जुन्या करारावर आजची तारीख येते त्याचं कारण सोपं आहे: तिथे डेट फील्ड टाकलं आहे. डेट म्हणजे ‘आज’, आणि आज रोज बदलतो. इन्सर्ट मेनूतून तारीख घालताना ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ची खूण राहिली की हेच फील्ड बसतं. सहा महिन्यांनी सोसायटीने प्रत मागितली, फाइल उघडून प्रिंट दिली, आणि नोंदवलेल्या दस्तावर एक तारीख नि या प्रतीवर दुसरी. यावर क्रिएटडेट (फाइल तयार झाल्याची तारीख देणारं) फील्ड वापरा असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. जुनी फाइल ‘सेव्ह ॲज’ करून नवा करार करायची आपली रीत असते, आणि फाइल कधी जन्मली याचा सही कधी झाली याच्याशी संबंध नसतो. सहीची तारीख माणसाने सांगावी, फील्डने ओळखू नये. करार पक्का झाला की सगळी फील्ड गोठवून टाका: कंट्रोल-ए, मग कंट्रोल-शिफ्ट-एफ९. फील्ड जाऊन साधा मजकूर उरतो. कंट्रोल-ए हेडर-फूटरपर्यंत पोचत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. तिथे जाऊन हीच कळ वेगळी दाबावी लागते. टेम्प्लेटवर हे करू नका, तयार करारावर करा.

अकरा महिन्यांचा हिशेब तुम्ही विचारला नाही, पण तारखेची खरी परीक्षा तिथेच आहे. वर्डच्या फील्डमध्ये तारखेत महिने मिळवण्याची सोय नाही. फील्डात फील्ड घालून काही हिकमती लोक ते साधतात, पण तसलं टेम्प्लेट दुसऱ्या कोणाला हात लावता येत नाही. एक्सेलमध्येच ईडेट या महिने मिळवणाऱ्या फंक्शनने करा:

=ईडेट(ए२,११)-१

५ डिसेंबर २०२५ला सुरू झालेला करार ४ नोव्हेंबर २०२६ला संपतो. ३३० दिवस मिळवून काम भागवणारे असतात. त्यांचं उत्तर ३१ ऑक्टोबर येतं आणि भाडेकरूचे चार दिवस जातात. क्रमही सांभाळा, आधी महिने मिळवायचे आणि मग एक दिवस वजा. उलटं केलं तर १ मार्च २०२६चा करार २८ जानेवारी २०२७ला संपतो, जो ३१ जानेवारीला संपायला हवा. वरचं सूत्र ३१ मार्चला सुरू होणाऱ्या करारात थोडं चाचपडतं. फेब्रुवारीला ३१ तारीख नाही म्हणून ईडेट २८वर थांबतं, मग एक वजा होऊन २७ फेब्रुवारी. ते मान्य आहे की २८ हवी, हे वकिलांनी ठरवायचं. टेम्प्लेटने ठरवू नये. २९, ३०, ३१ तारखेला सुरू होणाऱ्या करारांच्या ओळी वेगळ्या रंगात दाखवणारं कंडिशनल फॉरमॅटिंग लावून ठेवा आणि त्या हाताने तपासा. महिन्याच्या एक तारखेला करार सुरू करायची घरमालकांची जी सवय आहे, ती या कामाला फार सोयीची पडते.

मराठी प्रत. वर्डमध्ये फील्ड निवडून त्याची भाषा मराठी केली की महिन्याचं नाव बदलायला हवं, पण मी त्यावर विसंबत नाही. भाषा ही त्या तुकड्याला चिकटलेली अदृश्य गोष्ट असते, कोणी कॉपी-पेस्ट केलं की बदलते. एक्सेलमध्ये ‘मराठी_तारीख’ असा एक रकाना करा आणि त्यात चूझ आणि मंथ ही फंक्शनं वापरून बारा महिन्यांची नावं स्वतः लिहून द्या. जुलै, ऑगस्ट, नोव्हेंबर हे शब्द कसे लिहायचे ते मग तुमच्या हातात राहतं. देवनागरी आकड्यांसाठी टेक्स्ट फंक्शनमध्ये [$-४०००४३९]० हे रूप द्यायचं (पुन्हा सांगतो, सूत्रात इंग्रजी आकडे). दिवस, महिना, वर्ष असे तीन तुकडे जोडले की ‘५ डिसेंबर २०२५’ तयार. हा रकाना मजकूर आहे, त्यामुळे वर्डमध्ये त्याला \@ लागत नाही. पण त्यावर हिशेबही करायचा नाही. हिशेब नेहमी मूळ तारखेच्या रकान्यावर. ‘अक्षरी’ तारीख लागत असेल तर एक ते नव्व्याण्णव हे आकडे एका वेगळ्या शीटवर लिहून व्हीलुकअपने (यादीतून शोधून आणणाऱ्या फंक्शनने) आणा. मराठीत एकोणतीस, एकतीस, बत्तीस यांना एक नियम लागू पडत नाही, सूत्र रचत बसण्यात अर्थ नाही.

जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात (युनिकोड ही देवनागरी अक्षरं साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) करार असतील, आणि पुण्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत अजून आहेत, तर हे सगळं निरुपयोगी ठरेल. त्या फॉन्टात ‘डिसेंबर’ हा शब्द आतून रोमन अक्षरांचा असतो. एक्सेलमधून आलेला युनिकोड ‘डिसेंबर’ तिथे चौकोनांत किंवा दुसऱ्याच फॉन्टात उमटेल. आधी टेम्प्लेट युनिकोडमध्ये आणा, मग व्हेरिएबलचं पाहू.

मराठीची खरी अडचण विभक्तीची आहे, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शनात ती भेटत नाही. ‘शुक्रवार’ हे व्हेरिएबल आणि वाक्य हवंय ‘शुक्रवारी’. फील्डनंतर नुसती दीर्घ वेलांटी टाइप केली तर टेम्प्लेटमध्ये ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते आणि पुढचा माणूस ती चूक समजून पुसतो. ‘कुलकर्णी’चं ‘कुलकर्ण्यांनी’ होतं, ‘काळे’चं ‘काळ्यांनी’. हे संगणकाला शिकवत बसण्यापेक्षा वाक्य असं बांधा की व्हेरिएबल मूळ रूपातच राहील आणि प्रत्ययाचा भार दुसरा शब्द उचलेल: ‘श्री. कुलकर्णी यांनी’, ‘श्रीमती काळे यांचे’, ‘शुक्रवार, दि. ५ डिसेंबर २०२५ रोजी’. आपल्या जुन्या कारकुनी भाषेतले ‘यांनी’, ‘यांस’, ‘रोजी’, ‘सदर’ हे शब्द बोजड म्हणून आपण हसतो, पण छापील नमुन्यात रिकामी जागा भरायची असते तेव्हा तेच कामाला येतात. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ मात्र निर्धास्त चिकटवा, ते आधीच्या आकड्याला त्रास देत नाहीत.

वेळेलाही हेच. इंग्रजी प्रतीत एएम-पीएम चालेल, मराठीत ‘सकाळी १०.३०’ हवं. एक्सेलमध्ये अवर फंक्शनने तास काढा आणि इफच्या माळेत शब्द द्या: चारच्या आत रात्री, सहाच्या आत पहाटे, बाराच्या आत सकाळी, चारपर्यंत दुपारी, आठपर्यंत सायंकाळी, पुढे पुन्हा रात्री. सीमा थोड्या इकडेतिकडे करा, पण माळ रात्रीपासून सुरू करा, नाहीतर रात्रीचा एक ‘सकाळी १’ होऊन बसतो. मुदत लिहिताना ‘५ तारखेच्या रात्री १२ पर्यंत’ असं कधीही लिहू नका. ते बारा ५ तारीख सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतात. ‘५ तारखेस रात्री ११.५९ पर्यंत’ लिहा.

शके हवं असेल, काही सरकारी नमुन्यांत लागतं, तर वर्डच्या डेट फील्डला त्यासाठी \एस असा स्विच (फील्डला जोडायची खूण) आहे. तो भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेचा, जी २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ पासून लागू झाली. तिच्यानुसार ५ डिसेंबर २०२५ म्हणजे १४ अग्रहायण, शके १९४७. पंचांगातली तिथी ही नव्हे. तिथी सूर्य-चंद्राच्या गणिताने ठरते, फॉरमॅटच्या अक्षरांनी निघत नाही. वास्तुशांतीच्या पत्रिकेचं टेम्प्लेट करणार असाल तर ती ओळ दिनदर्शिका बघून हातानेच टाइप करा.

काम वाढलं आणि उद्या कोणी प्रोग्रॅमर वेब फॉर्मवरून करार तयार करून देणार असेल, तर त्याला तीन गोष्टी आधीच विचारा. पहिली, रूपाची अक्षरं कोणत्या पद्धतीची? पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या पद्धतीत छोटा एम महिना आणि मोठा एम मिनिट, वर्डच्या बरोबर उलट. पीएचपी या भाषेत मिनिटासाठी आय हे अक्षर आहे. जावात एमचं वर्डसारखंच, पण वर्षाचा वाय मोठा लिहिला तर तो आठवड्यावरून मोजलेलं वर्ष देतो. आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) मोजणीत ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५च्या पहिल्या आठवड्यात पडतो, म्हणून छापलं जातं ३० डिसेंबर २०२५. ही चूक वर्षभर झोपते आणि शेवटच्या आठवड्यात उठते. दुसरी, सर्व्हरचं घड्याळ कोणतं? बहुतेक यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतं, आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात भरलेल्या फॉर्मवर आदल्या दिवसाची तारीख पडते. फ्लॅट बाणेरचा आणि घरमालक कॅलिफोर्नियात, हे तर आपल्याकडे रोजचंच. त्याच्याकडचे ४ डिसेंबरचे दुपारचे चार म्हणजे इथले ५ डिसेंबरचे पहाटेचे साडेपाच. वेळ साठवताना क्षेत्रासह साठवायची, छापताना ‘एशिया/कोलकाता’ क्षेत्रात आणून छापायची. नुसतं ‘आयएसटी’ लिहू नये, तेच आद्याक्षर इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. तिसरी, मराठी रूप निवडल्यावर आकडे कोणते? ब्राउझरला ‘मराठी, भारत’ सांगितलं की तो आकडेही देवनागरी देतो. छापायला छान, पण तोच मजकूर दुसऱ्या प्रणालीत परत भरायला गेलात की ती तो नाकारू शकते.

जिंजा नावाची टेम्प्लेट-पद्धत वापरणार असतील तर आणखी एक बारकी गोष्ट. तिथे लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत सेट केलेलं व्हेरिएबल लूप संपला की बाहेर दिसत नाही. प्रत्येक महिन्याच्या भाड्याची ओळ छापून शेवटी एकूण रक्कम दाखवायची असेल तर नेमस्पेस (लूपबाहेरही टिकणारी साठवण) घ्यावी लागते. नाहीतर एकूण शून्यच येतं, आणि प्रोग्रॅमर तुमच्या एक्सेलला दोष देतो.

फाइलची नावं मात्र आजपासूनच २०२५-१२-०५ अशी, वर्ष आधी या क्रमाने ठेवा. तिरपी रेघ विंडोज नावात घेतच नाही, आणि या क्रमात फोल्डर आपोआप तारखेवार लागतं.

शेवटी, एक चाचणीची शीट करून ठेवा आणि टेम्प्लेटला हात लावला की खऱ्या यादीआधी ती मर्ज करा. तिच्यात ओळी अशा: ५ डिसेंबर (उलटली तर लगेच दिसेल), २५ डिसेंबर, १ मार्च, ३१ मार्च, २९ फेब्रुवारी २०२८, वर्ष २०३० असलेली एक, वेळ दुपारी १२.१५ आणि रात्री १२.१५, तारीख कोरी असलेली एक, आणि आडनाव ‘काळे’. फेब्रुवारीच्या ओळीतला करार २८ जानेवारी २०२९ला संपायला हवा.